दुसऱ्याआधी तिसरं रीळ

१ जानेवारी १९८४, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प: जिंतूरला चित्रपट बघायला शिकवणे. सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चित्रपट, मग चर्चा. चिटणीस मी, वक्ताही मीच. तहसीलीत कारकून असलो तरी रसग्रहण शिबिराचं सर्टिफिकेट तालुक्यात माझ्या एकट्याकडे आहे. वाचनालयाचे अध्यक्ष शिवरुद्रअप्पा म्हणाले, भाषण जरा आखूड ठेवा. कापडवाले आहेत, मोजायची सवय.

५ फेब्रुवारी, रविवार. सायं. ६
खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. माणसं अडतीस. बंगाली चित्रपट, तीन रिळं. भाषा कुणालाच येत नाही (मलाही), त्यामुळे वक्त्याची गरज सिद्ध. पहिलं रीळ संपलं. पुढच्या रिळात म्हातारा बाप मेला, रीतसर जाळला. मग पडद्यावर बंगालीत एकच मोठा शब्द आला. मी मध्यंतर जाहीर केलं, चहा झाला. पुढच्या रिळात तोच म्हातारा ओट्यावर चहा पितोय! अंगावर काटा आला. झाडलोट करणाऱ्या सरजाबाईंनी अंधारातून विचारलं, मेलेलं म्हातारं च्या कसं प्यायलंय? हशा.
मी उठलो. म्हणालो, दिग्दर्शकानं मरण आधी आणि जगणं नंतर दाखवलं, काळच उलटा केला. पंचावन्न मिनिटं बोललो. शेवटी आठ जण उरले. दर्दी तेवढेच असतात.

६ फेब्रुवारी
मशीन चालवणारा लिंबाजी कचेरीत येऊन टेबलापाशी उभा. म्हणाला, साहेब, माफी करा, डब्यावरले कागद निघाले व्हते, दुसऱ्याच्या आधी तिसरं रीळ लागलं. मी म्हणालो, चूक झाली असं तुला वाटतं. कलेला तसं वाटत नाही. आणि हे बाहेर बोलू नकोस. तो म्हणाला, स्टँडवर समद्यायला सांगूनच इकडं आलोय.

८ फेब्रुवारी
अव्वल कारकून सूर्यभान यांनी माझ्याकडे कोरा कागद पाठवला: आधी सही करा, अर्ज मागून लिहितो. सगळी कचेरी हसली. हसू देत. माघार नाही. वाचनालयाच्या फळ्यावर माझा लेख लावला: ‘क्रम ही गुलामगिरी आहे’. पाने सात.

१९ फेब्रुवारी
अप्पांकडे अर्ज गेला: तोच चित्रपट नंबरवार दाखवा. एकतीस सह्या, सरजाबाईंचा अंगठा. तिसरी सही आमच्याच बायकोची, कमलची! घरी जाब विचारला. म्हणाली, त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते मला नीट कळायला पाहिजे. पंचावन्न मिनिटं सांगितलं होतं की! अप्पांनी अर्ज मंजूर केला. माझा बहिष्कार.

३ मार्च
बहिष्कार कायम. मात्र वाचनालयाची किल्ली चिटणीसाकडे असते. उघडून देईन आणि निघेन. भाषणाचे कागद सोबत असू देत, कुणी आग्रह केलाच तर.

४ मार्च, रविवार
कुलूप काढलं. दारात उभा राहिलो. मग बसलो. माणसं साठ.
म्हातारा मुलाची वाट बघत चहा प्यायला. रोज दोन कप भरायचा. मग मेला. मुलगा एक दिवस उशिरा आला. गेल्या वेळी हा उशीर मला दिसलाच नव्हता. मला रडू आलं. इथं लिहितोय, बाहेर कबूल करणार नाही.
दिवे लागले. घसा साफ करून कागद काढले, तेवढ्यात सरजाबाईच उठल्या. म्हणाल्या, माझा लेक परभणीत हाय, तीन वर्सं झाली, मी बी दोन भाकरी जास्तीच्या थापते. मग लिंबाजी बोलला. मग कमल बोलली, तिच्या वडिलांबद्दल; मला हे लग्नाच्या अकरा वर्षांत माहीत नव्हतं. दीड तास झाला, कुणी हललं नाही. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.
शेवटी अप्पांनी ठराव मांडला: यापुढे चित्रपटानंतर भाषण नको, ज्यानं त्यानं बोलावं. धडाधड हात वर. विरोधात हात वर करायची माझी पूर्ण तयारी होती. विरोधात कोण, हे अप्पांनी विचारलंच नाही.
इतिवृत्त लिहिणं चिटणीसाचं काम. लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर.