डावखुरीचा उजवा हात

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं हस्तलिखित सोबत आहे. पहिल्या भागात तलवारी चालल्या, राक्षस मेले, वाचक खूश झाले. म्हणून प्रकाशकांना आता काळोख हवा आहे. म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर म्हणाले, कोणीतरी लाडकं मारा.

सांगायला जीभ रेटत नाही, पण पहिल्याच प्रकरणात मी नायिकेचा, आपल्या डावखुरीचा, डावा हात तोडला आहे आणि शेवटी तिला मारलं आहे. डावखुरी म्हणजे तू, हे तुझ्या दवाखान्यात खुर्चीवर आ वासून बसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. तुला न विचारता हे करणं बरोबर होतं का, हे रोज डायरीत लिहितो आणि रोज खोडतो. दाजींना नमस्कार.

राग पोटात घालून उत्तर लिहावं.
तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. लेखकरावांस,
अनेक आशीर्वाद; हात तोडणाऱ्याला ते लागतीलच असं नाही.

वाचलं. काळोख छान जमला आहे. पहिली पन्नास पानं तर मला काहीच दिसलं नाही.

अक्षर पाहून घाबरू नकोस. उजव्या हाताने लिहिते आहे, कारण डावा थरथरतो. आधी नुसती कॉफी सांडायची. मग तपासायचा आरसा लोकांच्या दातांवर वाजायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे जाणार नाही, वाढेल. डाव्या हातात ड्रिल पुन्हा धरायचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुझे दाजी दवाखाना विकू म्हणतात. मी म्हटलं, थांबा, पुस्तकाच्या शेवटी मी मरतेच आहे, तेव्हा एकदमच बघू.

तुझी, अजून जिवंत,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हातपाय गळाले. प्रकाशक गेले उडत. तिसऱ्या प्रकरणात एक जटाधारी वैद्य आणतो. तो मुळी उगाळून लावतो आणि डावखुरीला हात पुन्हा फुटतो. शेवटचं मरणही काढून टाकलं. यात मी तुला धीर देतो आहे की स्वतःला, ते मात्र ठरत नाही. तुला काय हवं ते सांग.

माया पातळ होऊ देऊ नये.
भाऊ

२२ फेब्रुवारी

चि. भागूबाईस,
आशीर्वाद.

तुझे हातपाय गळाले? माझा एकच गळाला, तरी लिहिते आहे.

त्या वैद्याला जटांसकट हाकल. तो कुठे बसतो ते आधी मला कळव, मग पुस्तकात घाल. आणि हात फुटायला ती काय जास्वंद आहे?

हात तोडल्याचा मला राग नाहीच. पण पहिल्या प्रकरणात हात तुटतो आणि दुसऱ्यात ती उजव्या हाताने सहा राक्षस कापते! इथे मी एक बटण लावताना रडकुंडीला येते. किल्ली कुलपात जाता जात नाही. दवाखाना बंद ठेवून प्लास्टरच्या दातांवर सराव करते, आणि ते प्लास्टरसुद्धा कळवळत असेल असं वाटतं. तिच्या हातून तलवार पडू दे. राक्षसांना हसू दे. तिला लाज वाटू दे. पुढे मारायचं तर मार, पण शिकण्याआधी नको. दवाखाना मी विकत नाही, हे तुझ्या दाजींना सांगून झालं आहे. ते ऐकत नाहीत, ती वेगळी लढाई.

तू माणसांत कधी डावं-उजवं केलं नाहीस. या एका पुस्तकात कर.

तुझी
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

डाव्या हाताने लिहितो आहे. एवढ्यालाच सकाळ गेली, कागद फाटला, बाहीला शाई लागली. तुझ्यापुढे हे नाटक वाटेल, पण तिच्या हातून तलवार कशी पडते ते मला कळत नव्हतं.

डावखुरी आता अख्खं पुस्तकभर तलवार म्यानातून काढायला शिकते. शेवटच्या पानावर तलवार निघते. डावखुरी मरत नाही. प्रकाशक म्हणाले, इतका काळोख वाचकांना झेपणार नाही.

प्लास्टरच्या दातांवरचा सराव झाला की सांग. माझी अक्कलदाढ ठणकते आहे, आणि पहिला नंबर माझा. दाजींनाही बघायला बसव.

लोभ आहेच, भूल जरा जास्त असावी.
भाऊ