तीन पानांचं वाक्य

सोमवार, ४ ऑगस्ट
सगळ्यांत आधी पिसिला! चहा फुकट म्हटल्यावर काय, चर्चच्या हॉलचं कुलूपही निघालं नव्हतं, ही पायरीवर हजर. राजधानीहून दोन मुली जहाजाने आमच्या बेटावर आल्यात, आम्हा बायकांना कॉम्प्युटरवर स्लाइड, म्हणजे पडद्यावरची पानं, करायला शिकवायला. आम्ही विणलेल्या चटया बाहेरच्या लोकांना दाखवायच्या म्हणे. त्यातली सेलू म्हणाली, "आजी, माऊस धरा, पळत नाही तो." पळाला की! टेबलाखाली. पिसिलाच्या नाकातून चहा आला हसताना. मी दोन यत्ता शिकलेली, पण नाव टाइप केलं — लेसिएली. केवढं मोठं दिसतं पडद्यावर!

मंगळवार, ५
"एका पानावर एकच ओळ, आजी. गर्दी नको." बरं बाई. आणि एक गंमत — प्रत्येक पानाला वेळ लावून दिली की ते आपोआप उलटतं. माणूस लागतच नाही!
घरी येऊन चटई विणायला बसले. सेमिसी आठवत राहिला.

बुधवार, ६
लिहूनच टाकते. सेमिसी माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी मी त्याची बोट मागितली, माझ्या नवऱ्यासाठी. आमच्या बेटावर बहिणीनं मागितलं की भावानं नाही म्हणायचं नसतं. मला ठाऊक होतं — म्हणूनच मागितली! तेच खुपतं. त्यानं मुकाट्यानं दोर हातात दिला. नवऱ्यानं महिन्याभरात खडकावर घालून फोडली. (देव त्याचं भलं करो, पोहायला मात्र पट्टीचा!)  सेमिसीनं वीस वर्षं लोकांच्या शेतात रताळी खणली. आत्ता दोन वर्षांपूर्वी कुठे नवी बोट बांधली, निळी.
माफी मागायची कशी? आमच्याकडे मोठ्या झालेल्या बहीण-भावानं एका छपराखाली बसायचं नाही अशी रीत, पडद्यासमोर तर नाहीच. आईच्या मयतालाही तो अंगणात, मी आत. पण पान तर आपोआप उलटतं!

गुरुवार, ७
झाली! तीन पानं. फोडलेल्या बोटीचा फोटो कुणाकडे असणार? सेलूनं किनाऱ्यावर जाऊन निळीचा काढला. तो पहिल्या पानावर, खाली 'सेमिसी'. दुसऱ्यावर मी तेव्हा म्हणाले होते ते — 'तुझी बोट मला दे'. तिसऱ्यावर — 'असं म्हणायला नको होतं. मला माफ कर.' एकेक ओळ, गर्दी नाही. सेलू म्हणाली, "एकदा बघून देऊ का?" म्हटलं, "हात लावायचा नाही. माझं मी करणार." चार ओळी टाइप करायला दुपार गेली, पण काय ऐट!

शुक्रवार, ८
चटया दाखवून झाल्यावर सगळ्या बायकांना मी चहाला बाहेर काढलं. माझं सुरू केलं नि मीही निघाले. फिफितानं — सेमिसीची बायको, तिला 'त्याला घेऊन ये' एवढंच सांगितलेलं — त्याला मागच्या दारानं एकट्यालाच आत बसवलं. मी फणसाखाली उभी. 
फिफिता येऊन म्हणाली, "वन्सं, उठतच नाहीत हो. टक लावून बघतायत."
वाचत असेल! पुन्हा पुन्हा वाचत असेल!

शनिवार, ९
दार उघडलं तर समोर वाळूत निळी बोट. दोर माझ्या खांबाला बांधलेला.
फिफिता म्हणाली, "पडद्यावर एवढंच होतं वन्सं — 'तुझी बोट मला दे'. पुढे काही येतंय का म्हणून हे थांबले हो किती वेळ. मग म्हणाले, ताईला पाहिजे."
दुसऱ्या पानाला वेळ लावायची राहिली.
मी ओरडले, तसं नव्हतं गं, पुढे अजून होतं! तर ती म्हणते, "बहिणीला दिलेलं परत घेतलं तर गावात तोंड कसं दाखवतील?"
मुली पहाटेच्या जहाजाने गेल्या. तिसरं पान त्यांच्याच कॉम्प्युटरात. सोमवारी, अठरा तारखेला परत येतो म्हणाल्यात.