रिसेप्शनवरून पाचव्या मजल्यावर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
ऑफिसात आज पेढे. आमचं महाप्याचं ऑफिस वाढतंय — पाचवा मजला घेतला, सॉफ्टवेअर तपासायला ऐंशी नवी माणसं भरणार. डिग्रीची अट नाही, वयाची नाही. फक्त परीक्षा. एचआरच्या संघमित्रा मॅडम माझ्या रिसेप्शनपाशी थांबल्या. "जयमालाताई, फॉर्म भरा." मला हसूच आलं. "हसू नका. व्हिजिटरच्या ॲपमधल्या चुका आम्हाला कोण दाखवतं? तुम्हीच ना?"
नऊ वर्षं या टेबलामागे बसलेय. वय सेहेचाळीस.

४ नोव्हेंबर
नवऱ्याला सांगितलं. दिलीप म्हणाला, "त्या पोरांच्यात बसून तू काय करणार?" ईश्वरी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, तुमच्या तिकिटावरची चुकीची तारीख कोणी पकडली होती?" त्याने आमटी वाढून घेतली.
फॉर्म भरला.

९ नोव्हेंबर
ईश्वरी परीक्षेचं शिकवते. पोटची पोर मला म्हणते, "आई, परत लिही." डोकं दुखतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
परीक्षा झाली. साडेतीनशे पोरंपोरी. एकाने विचारलं, "मॅडम, वॉशरूम कुठे?" सांगितलं, आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. बिचारा ओशाळला.
तिकीट काढायच्या ॲपमधल्या चुका शोधायच्या होत्या. पहिली दहा मिनिटं एकही चूक दिसेना. मग रिसेप्शनवर येणारी माणसं आठवली — नावाच्या जागी फोन नंबर टाकणारे, घाईत दोनदा बटण दाबणारे, चष्मा घरी विसरलेले. एकेकासारखं वागून पाहिलं. एकोणीस चुका सापडल्या. बाहेर पडले तेव्हा भूक लागली होती, एवढंच कळत होतं.

२१ नोव्हेंबर
अकरावी आले. साडेतीनशेत अकरावी!
माझ्याआधी दिलीपनेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. वर म्हणतो, "मला माहीतच होतं." बरं.

१ डिसेंबर
पाचवा मजला. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. टीममध्ये वयाने सगळ्यात मोठी मीच. दुपारपर्यंत तिघं शंका विचारून गेले. दोघांना उत्तर देता आलं.

५ डिसेंबर
खाली गेले तर माझं टेबल नाही. तिथे चेहरा बघून पास देणारं मशीन. सिक्युरिटीचे रावसाहेब म्हणाले, "याची ऑर्डर दिवाळीच्या आधीच गेलेली, ताई."
म्हणजे फॉर्म भरला तेव्हा माझी नोकरी गेल्यातच जमा होती.
तडक संघमित्रा मॅडमकडे गेले. "मला सांगितलं का नाही?"
त्या म्हणाल्या, "मग तुम्ही भीतीपोटी परीक्षा दिली असतीत."