तू दाखवलं नाहीस ते बाळ

अव्वा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आईचा आवाज म्हणून जो मला आठवतो तो आता माझ्याच घशातून येतो, बहुतेक सुनेवर ओरडताना. पत्र मी सांगते आहे आणि लिहिते आहे माझी नात, म्हणजे तुझी पणती. अक्षर तुझ्या हाताला नव्हतं, माझ्याही नाही. म्हणजे एका अडाणी बाईने सांगायचं आणि दुसरीला ते कोणीतरी वाचून दाखवायचं. तिकडे एखादा शिकलेला शेजारी मिळाला असेल तर बघ. मरतात शिकलेलेही. हे लिहिताना ही जरा हसली. बरं झालं, किती दिवसांत हसली नव्हती. बाळंतीण आहे ना ती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, माझ्या लेकाच्या घरी. डोक्याला रुमाल बांधला आहे, खाटेखाली शेगडी आहे, डिंकाचे लाडू मीच वळलेत आणि नेहमीसारखे दगड झालेत. सगळं आहे. बाळ तेवढं नाही.

आठवा महिना चालू होता. एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, तर ही येऊन म्हणाली, अज्जी, कालपासून हलत नाही गं. मी म्हटलं, झोपलं असेल, बापावर गेलंय. आमचा जावई पुण्याचा, इथे कोरमंगल्यात कंपनीत आहे, आणि रविवारी दहा वाजेपर्यंत उठत नाही, म्हणून ती थट्टा. त्या थट्टेची कडवट चव अजून माझ्या जिभेवर आहे. मग ही पाणी प्यायली, डाव्या कुशीवर झोपली, काहीच नाही. सून, म्हणजे हिची आई, ऑटो घेऊन आली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग यंत्राचं तोंड आमच्याकडून भिंतीकडे वळवलं. मला तेव्हाच कळलं. वाचता येत नसलं तरी एवढं येतं.

मला वाटलं होतं, आता पोट कापून काढतील आणि संपेल एकदाचं. तसं नसतं म्हणे अव्वा. कापलं तर पुढच्या खेपेला त्रास, म्हणून आपोआप व्हायला हवं. मेलेल्या बाळालाही कळा देऊनच आणावं लागतं, आणि कळा येत नसतील तर औषधाने, सलाईनमधून त्या आणाव्या लागतात. हे ऐकून सुनेने पदर तोंडाला लावला. ही मात्र खुर्चीत सरळ बसली आणि म्हणाली, सुरू करायच्या आधी मला काही सांगायचंय. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, तिथे कशी बोलत असेल ते मला त्या दिवशी दिसलं. जे टोचाल ते आधी सांगून टोचा. मला पाठीवर पाडून ठेवू नका, झेपेल तोवर मी चालेन. माझी अज्जी आत माझ्याजवळ राहील. आणि बाळ झालं की मला बघायचंय, मांडीवर घ्यायचंय.

डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. कानडीतून, हळू, लेकीशी बोलावं तसं बोलल्या. बघू नकोस अम्मा, आम्ही सगळ्यांना हेच सांगतो, डोळ्यांसमोरून जात नाही मग. तू लहान आहेस, वर्षभरात पुन्हा इथेच येशील. आणि आता बाळाची भीती नाही, तेव्हा मला हवं तेवढं गुंगीचं औषध देता येईल. तुला काही कळणारसुद्धा नाही.

ही म्हणाली, "मला कळायला हवंय."

जावई दारापाशी, गोऱ्या चेहऱ्याचा पांढरा झालेला, तो म्हणाला डॉक्टर सांगतात तसं करूया का. सून माझ्याकडे वळली. ती मला अत्ते म्हणते, कानडी सुना म्हणतात तसं, आणि माझ्याशी सहसा वाद घालत नाही, कारण जिंकत नाही. "अत्ते, तुम्ही तरी सांगा तिला. तुमचं ऐकते ती. आपल्यात दाखवतात का कुठे?" आपल्यात दाखवत नाहीत, हे खरंच. घरातली मोठी मी. मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. डॉक्टरबाईही माझ्याकडेच बघत होत्या. आणि ही माझी पोर, तिने मान वर केलीच नाही. तिला माझी खात्री नव्हती गं अव्वा. ते मला लागलं.

आणि मला तुझं आनेकलचं घर दिसलं. मी आहे मागच्या खोलीत, जमिनीवर, खांबाला बांधलेली दोरी धरून. तू माझ्या मागे, सुईण पुढे. बाळ येतं आणि आवाज येत नाही. मी मान उचलते आणि तुझा हात माझ्या डोळ्यांवर येतो. ओव्याचा वास आहे हाताला. मी म्हणते, अव्वा, बघू दे. तू हात काढत नाहीस, दुसऱ्या हाताने सुईणीला काहीतरी खुणावतेस, आणि मागचं दार उघडल्याचा आवाज येतो. तू हात काढतेस तेव्हा खोलीत तू, मी आणि दोरी. तू म्हणालीस, "जे आलंच नाही त्याच्यासाठी रडायचं नाही. उठ, पेज पी." मी प्यायले. तुझं ऐकायची सवय होती. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, छाती दगड झाली, तेव्हा तू मोगऱ्याचे गजरे आणलेस आणि माझ्या छातीवर बांधलेस, वर घट्ट फडकं. मोगऱ्याने दूध आटतं. शेजारच्या पोरी खिडकीतून वास घेऊन म्हणाल्या, अक्का सजलीय. तेव्हापासून मी मोगरा माळला नाही. सून घरात आली तेव्हापासून मला म्हणते, अत्ते, फुलं का नको तुम्हाला, केसांत मल्लिगे नसलेली बाई आहे का या गावात. मी म्हणत आले, डोकं दुखतं.

एकदाच विचारलं होतं मी तुला. दुसऱ्या बाळंतपणाला आले होते, तू चुलीपाशी फोडणी करत होतीस. मी म्हटलं, अव्वा, ते पहिलं कसं होतं दिसायला? तू वळली नाहीस. मूठभर सुक्या मिरच्या तेलात टाकल्यास, एका आमटीला कोणी टाकत नाही तेवढ्या, आणि घरभर ठसका उठला. तू खोकतेस, मी खोकते, दोघींच्या डोळ्यांतून धारा. त्या दिवशी आपण दोघी मिळून रडलो, असं मी मनाशी धरून चालले आहे. तुला ते मान्य नसेल तर नसो.

तर दवाखान्यात मी सुनेला म्हटलं, "दाखवायचं. मला नव्हतं दाखवलं. मी अजून शोधते." इतकी वर्षं एका चुलीवर जेवतो, तिला माझी चार मुलं तेवढी माहीत. डॉक्टरबाईंनी थोडा वेळ पेन हातात फिरवलं आणि म्हणाल्या, सरी, ठीक आहे. पण अज्जी, तुम्ही आत रडलात तर बाहेर काढीन. मी म्हटलं, मी रडत नाही, मी लोकांना रडवते, सुनेला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध ठेवलं, मग सलाईन लावलं. दुपारपर्यंत ही चालत होती. त्या बोळात इकडून तिकडे, तिच्या हातात सुई, आणि सलाईनची ती चाकांची काठी ढकलत मी मागे, देवाच्या मिरवणुकीत छत्री धरून चालावं तशी. कळ आली की ती थांबायची, कपाळ माझ्या खांद्याला लावायची, मी कंबर चोळायची. पलीकडच्या खोलीत एक बाळ रडलं. ही थांबली, आणि मला कळलं की ही थांबली ती कळेसाठी नाही. ती सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, मला त्या बायकांजवळ ठेवू नका, कुठेही कोपऱ्यात ठेवा. ही सिस्टर केरळची, वयाने पोक्त. तिने लगेच टोकाची खोली उघडली, स्वतः चादर घातली.

पण दुपारून तिची पाळी संपली आणि दुसरी आली, घाईची. आल्या आल्या सलाईनच्या नळीत सुई खुपसायला लागली. हिने हात आखडून घेतला, विचारलं काय आहे. ती म्हणाली, डॉक्टरांना माहीत आहे. कळेमध्ये हिला पुढे बोलवेना, ती फक्त माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी कानडीत म्हटलं, अगं मुली, डॉक्टरांना माहीत आहे, तुला माहीत आहे, मग हिलाच तेवढं परकं का ठेवतेस? अंग तिचं आहे. स्वल्प सांग की, तोंडाला काय पैसे पडतात? ती लाजली असावी. म्हणाली, गुंगीचं आहे, डॉक्टर म्हणाल्या त्रास फार होतोय. ही दातांतून म्हणाली, "दुखणं कमी करा. झोपवू नका." सिस्टर परत गेली, डॉक्टरबाईंना घेऊन आली. त्यांनी निम्मंच दिलं. जाताना म्हणाल्या, नातीला हट्ट तुम्हीच शिकवलात का? मी म्हटलं, मी शिकले असते तर शिकवला असता.

ऊन खिडकीतून खाली उतरलं तेव्हा बाळ आलं. अव्वा, तो आवाज नसणं मी ओळखते. सिस्टरने बाळ उचललं, हिने मान वर केली, आणि माझा हात उठला. मी उठवला नाही. तो आपला उठला आणि हिच्या डोळ्यांवर जाऊन बसला. जो हात मी इतकी वर्षं तुझा म्हणून दोष देत आले, तो माझ्याच खांद्याला लागलेला निघाला. किती जड होता म्हणून सांगू. आणि त्यात राग नव्हता, कठोरपणा नव्हता, काही नव्हतं, पोरीला हे दिसू नये एवढंच होतं. तुझंही एवढंच होतं का?

ही म्हणाली, "अज्जी, हात."

मी हात काढला.

मुलगी होती. आपलं घर शिंप्याचं, पण जन्माआधी टाका घालायचा नाही, म्हणून तिच्या मापाचं घरात काहीच नव्हतं. दवाखान्याचं हिरवं फडकं हिला नको होतं. मी माझ्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा नेला होता, त्यात गुंडाळून दिली. केस दाट, काळे, ओले. नखं तांदळाच्या कणीएवढी. ओठ फार गडद, जांभळासारखे, आणि गालावर एका जागी कातडी हलकी सुटलेली. हिने तिथे बोट लावलं नाही, त्याच्या बाजूला लावलं. सून दारात उभी होती, आत येणार नाही म्हणत होती. मग आली, आणि बघता बघता म्हणाली, नाक आपल्याकडचं आहे. जावई आला, त्याला कसं धरायचं ते कळेना, मी त्याची कोपरं जुळवून दिली. डॉक्टरबाई मध्ये येऊन गेल्या, घाई करा म्हणाल्या नाहीत. आणि हनुवटी, अव्वा, तुझी. मधोमध खळगा. मी कोणाला बोलले नाही. हिला आत्ता, लिहिताना कळतंय. लिही गं, थांबू नकोस.

चौथ्या दिवशी हिला दूध आलं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्यांचा गुण यायला अजून वेळ होता आणि पोर कळवळत होती. मी चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेले. इतकी वर्षं मी तिच्या टोपलीवरून नाक वळवून जाते, ती मला ओळखते. मी म्हटलं, मोगरा दे, आहे तेवढा सगळा. ती हाताने मोजून गजरे केळीच्या पानात बांधत होती, आणि खूश होऊन म्हणाली, काय अज्जी, घरात लग्न का? मी हो म्हटलं. काय सांगणार होते? तिने वर एक गुलाब घातला, नवरीसाठी म्हणून. घरी येऊन मी हिच्या छातीवर फुलं बांधली, तू बांधलीस तशीच, वर फडकं. फक्त मी तिला रडू दिलं. आणि पेज थंड झाली तरी पी म्हटलं नाही.

आता ही विचारते, अज्जी, पत्राचं काय करायचं. काय करणार, राहू दे तुझ्याचपाशी. आमच्या अव्वाचं पत्र कुठल्या पोस्टमनला कळणार? पण एक विचारायचं राहिलं ते लिही. अव्वा, ही आपल्या मुलीचं नाव घेऊन रडते. मी ऐकते आणि मला, तोंड माझं मेलं, तिचा हेवा वाटतो. तू मला एवढंही सांगितलं नाहीस, मुलगा होता की मुलगी. म्हणून मी दोन नावं ठेवली. कोणाला सांगितली नाहीत, हिलाही लिहायला सांगत नाही. दिवा लावताना दोन्ही घेते, एक खोटं आहे हे माहीत असून. कोणतं ते तुलाच ठाऊक, तू आणि ती सुईण, दोघीच बघणाऱ्या. मी येईन तेव्हा सांग, खोटं असेल ते मी सोडून देईन, असं म्हणणार होते. पण तुझ्याशी आता खोटं कशाला बोलू. मला नाही वाटत ते माझ्याने सोडवेल.