पेटीवर पोरीचं नाव

माय, तुले जाऊन इतके साल झाले का तुहा आवाज बी आता नीट आठवत नाही. हात मात्र आठवते. मी दुसरीत असन. अक्षरं जोडाले नवीनच शिकली होती, आणि चुलीतला कोळसा घेऊन रांधणीच्या भिंतीवर तुहं नाव लिहिलं. तू तांदूळ निवडून राहिली होती. तुले वाचता येत नव्हतं, मीच मोठ्यानं वाचून दाखवलं, तं उठली आणि माह्या पाठीत धपाटा घातला. "बाईचं नाव भिंतीवर टांगते का? येणारा-जाणारा वाचन," म्हणाली, आणि ओल्या शेणानं सारवून टाकलं. गाव तुले नाकाडोंगरीवालीच म्हणे, धानाच्या रोवणीत बांधीवर बी आणि लग्नाच्या पंगतीत बी. मले इथं मोहाडीकडे वरठीवाली म्हणतात. म्हातारी झाली, तरी माहेरच्या गावावरूनच हाक येते. मले त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि तुही ती गोष्ट डोक्यात पक्की बसली.

आता तुही पणती जर्मनीत शिकून राहिली आहे. काय शिकते ते मले विचारू नको, यंत्राचं काहीतरी आहे. निघाच्या दिवशी तिची बॅग भरून झाली, तवा मी तिले बजावलं, "एकटी पोरगी आहेस, दारावर नाव-गिव लावू नको." या पोरीनं जन्मात माही एक गोष्ट ऐकली असन तं ही ऐकली.

तिथं पोचल्यावर व्हिसा थोड्याच महिन्यांचा असते. तो सरायच्या आत परदेशी लोकांच्या कचेरीतून राहाचा परवाना घ्यावा लागते. कॉलेजचा कागद, विम्याचा कागद, घरमालकाची सही, सगळं पोरीनं देऊन ठेवलं होतं. कचेरीचं बोलावणं तेवढं टपालानं येणार होतं, ते काही येईना. व्हिसा सरत आला. तिचा बाप, म्हणजे माहा पोरगा, ताटावरून अर्धा उठून जाय आणि म्हणे, परवाना नाही भेटला तं शिक्षण अर्धं सोडून वापस यावं लागन. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, पोरगी वापस येऊन राहिली म्हणे? मी म्हटलं, आली का पहिले तुह्याच घरी धाडीन, लय चिंता आहे तुले.

मंग एक दिवस नातनीचा फोन आला. ती सोता कचेरीत जाऊन आली होती. तिथली बाई म्हणाली, आम्ही दोनदा पत्र धाडलं, त्या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही म्हणून वापस आलं.

"आजी, खालच्या टपालाच्या पेटीवर नाव नव्हतं ना. नाव नसलं का टपालवाला पत्र टाकतच नाही."

"तं शेजारच्याले विचारत नाही का तो?"

"इथं नाही विचारत कोणी."

माय, आपला टपालवाला रस्त्यावरून हाक मारते, कोणी नसलं तं पानठेल्यावर देऊन जाते. त्याले माहं नाव माहीत नसन, घर माहीत आहे. तिथं पेटीवर नाव नाही म्हणजे माणूसच नाही.

"मंग लाव ना नाव. मोठ्या अक्षरात लाव."

"तूच तं नको म्हटलं होतं."

"तवा म्हटलं होतं. आता लाव म्हणते."

लावलं तिनं. वरून कचेरीतल्या त्या बाईसमोर सांगून आली, माह्या आजीनं मना केलं होतं. ती बाई हसली म्हणे आणि तिथंच नवीन तारीख देली. त्या तारखेले बोटांचे ठसे घेतले. तरी परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत मले भरोसा नव्हता. तू चुकली असं मी म्हणत नाही. तुह्या भिंतीपुरतं तुहं बरोबर असन, तिकडं ते चालत नाही एवढंच.

काल कार्ड आलं. फोनवर पोरगी बोलतच सुटली होती. मी "बरं झालं, आता जेव" एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. मंग घरामागं सांदवाडीत गेली, कोणी नाही पाहून घेतलं, आणि पदर पुरा ओला होईपर्यंत रडली. त्या पोरीले हे सांगणार नाही, शेफारून जाईल. हे पत्र तुले धाडाची काही सोय नाही, कोणी वाचणार नाही, म्हणूनच लिहून टाकलं.