खुलासा : शुक्रवार, दुपारी चार

सोमवार, १९ नोव्हेंबर. सकाळी ५.४०
दिवाळीची सुट्टी संपली. आज कॉलेज उघडतंय. प्रभारी प्राचार्य म्हणून माझं पहिलं पूर्ण सत्र. 'प्रभारी' हा शब्द जानेवारीपर्यंत गळून पडेल असं संस्थेचे अध्यक्ष तात्याराव स्वतः म्हणाले. (नेमकं म्हणाले ते 'बघू'. पण स्वर होकारार्थी होता.)
संकल्प : रोज प्राणायाम. कमी बोलणं. कोणालाही न दुखावणं. तिन्ही उद्यापासून. आज घाई आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बातमी सुट्टीतच कळली होती, आज अंगावर आली. आमच्या लायब्ररीतले बद्रीनाथ वाकोडे. बावीस वर्षं नोकरी. मूळचे वाशीमकडचे, राहायला इथेच हडपसरला. बायकोबरोबर सीमेकडच्या एका देवीच्या यात्रेला गेले होते. रस्त्यात अतिरेक्यांनी बस अडवली. एकेकाला नाव विचारलं, मनगटावरचे गंडे पाहिले, हिंदू आहेत याची खात्री केली आणि गोळ्या घातल्या. अकरा माणसं. गोदाबाई वाचल्या, कारण बद्रीनाथ त्यांच्या अंगावर पडले होते.
मुलगी उत्कर्षा आपल्याच टी.वाय.बी.ए.ला आहे. आज आली होती म्हणे, पहिल्या बाकावर बसली. भेटायला हवं. उद्या नक्की.

मंगळवार, २० नोव्हेंबर
उद्या शोकसभा. प्रस्ताव मीच लिहिला, अशा कामाला हात लागतो. पहिल्या मसुद्यात 'हत्या' होतं. उग्र वाटलं. 'दुर्दैवी निधन' केलं. 'हिंदू यात्रेकरू'मधलं 'हिंदू' काढलं. मग नुसतं 'यात्रेकरू' उघडं पडलं, म्हणून 'पर्यटक'. १० डिसेंबरला आयटी कंपनी कँपसवर मुलं निवडायला येणार, तोवर वातावरण थंड हवं.
मंदाकिनीला वाचून दाखवला. म्हणाली, "छान. घाटात दरड कोसळली का?"
पंचवीस वर्षांच्या संसारात हिला प्रशासनाची भाषा आली नाही.
उत्कर्षाला भेटायचं राहिलं.

बुधवार, २१ नोव्हेंबर
सभा उत्तम झाली. एक किरकोळ प्रसंग सोडून.
मी प्रस्ताव वाचला. दोन मिनिटं शांतता म्हणणार, तेवढ्यात इतिहासाच्या अस्मिता देवकुळे उभ्या राहिल्या. मॅडम आमच्याकडे सहा वर्षं, तासिका तत्त्वावर. म्हणाल्या, "सर, बद्रीनाथ पर्यटक नव्हते. त्यांना हिंदू म्हणून निवडून मारलं. त्यांची मुलगी समोर बसलीय. हे एक वाक्य बोलायला आपली जीभ का अडते?"
उत्कर्षा रडली नाही. मॅडमकडे बघत राहिली.
मी प्रसंगावधान राखून पंख्यांचा वेग वाढवायला सांगितला.

शनिवार, २४ नोव्हेंबर
सहा प्राध्यापकांचं निवेदन. 'देवकुळे मॅडमचं विधान भडकाऊ आहे, अल्पसंख्य विद्यार्थ्यांना असुरक्षित वाटेल.' बाहेरच्या एका व्यासपीठानेही ईमेल केलाय, प्रत थेट विद्यापीठाला.
मॅडमना बोलावलं. समजुतीच्या सुरात सांगितलं, की खरं असलं तरी प्रत्येक गोष्ट माइकवर बोलायची नसते. त्या म्हणाल्या, "मग कुठे बोलायची? कँटीनमध्ये?"
कारणे दाखवा नोटीस दिली. भाषा अत्यंत सौम्य. त्यांनी माझ्यासमोर वाचली आणि 'तदनंतर'मधलं शुद्धलेखन सुधारून परत दिली.

बुधवार, २८ नोव्हेंबर
आश्चर्य! वारं फिरलं. आता तक्रार उलट बाजूची.
काल टी.वाय.च्या वर्गात कोणीतरी मॅडमना विचारलं, की आता आपण काय करायचं. त्यांच्या उत्तराची वीस सेकंदांची क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतेय. तीत मॅडम म्हणतात, "...त्यांचा दोष नाही. त्यांना शिक्षा देऊन काय मिळणार?" खाली कोणीतरी लिहिलंय, 'हल्लेखोरांची वकील. हडपसरच्या कॉलेजात.' कॉलेजचं नाव ठळक.
म्हणजे एकाच बाईबद्दल दोन्हीकडून तक्रार. मी मधोमध आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? तात्यारावांना फोन करून हाच मुद्दा मांडला. ते म्हणाले, "खांबेटे, मधोमध उभं राहणाऱ्याला दोन्हीकडची वाहनं उडवतात." मिश्किल माणूस.

गुरुवार, २९ नोव्हेंबर
केबिनमध्ये चारजण आले. कोण, कुठले, विचारलं नाही. ते नीट दिसत नाही. चहा मागवला. तिघे प्यायले. चौथा नुसता भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होता. बराच वेळ. मग मोबाइलवर त्याचा फोटो काढला.
म्हणाले, बाईंचं काय करताय? मी म्हणालो, एकसदस्यीय चौकशी समिती नेमली आहे. सदस्य कोण? मी. समाधान झाल्यासारखे गेले.
संध्याकाळी सूचना फलकाची काच फुटलेली दिसली. मुलं क्रिकेट खेळतात.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर
उत्कर्षा स्वतःहून आली. (बरं झालं. मी भेटणारच होतो.) गोदाबाईंसाठी तिला मधूनच घरी जावं लागतं, म्हणून मॅडमच्या परवानगीने ती लेक्चर्स मोबाइलवर रेकॉर्ड करते. त्या दिवशीचं पूर्ण लेक्चर तिच्याकडे आहे. तिने ते माझ्या मोबाइलवर पाठवलं. म्हणाली, "सर, अकरा मिनिटं आहेत. ऐका आणि सगळ्यांना सांगा. मी कोणाला सांगितलं तर म्हणतील, पोरगी डोक्यावर परिणाम झाल्यासारखी बोलतेय."
केबिनचं दार लावून ऐकलं.
मॅडम म्हणतात, "ज्यांनी बद्रीनाथना मारलं ते खुनी आहेत. त्यांनी धर्म विचारून मारलं, हेही स्पष्ट म्हणा, कोणाला वाईट वाटेल म्हणून गिळू नका. पण तुमच्या शेजारच्या बाकावर जी मुलगी बसते, तुमच्या गल्लीत जो फळं विकतो, त्यांचा दोष नाही. त्यांना शिक्षा देऊन काय मिळणार? बद्रीनाथ मला पुस्तक देताना नेहमी धूळ पुसून द्यायचे. त्यांच्या नावावर मी धूळ बसू देणार नाही. आणि त्यांच्या नावाने दगडही मारू देणार नाही."
मग एक मुलगी रडताना ऐकू येते.
पुन्हा एकदा ऐकलं.
विषय संपला. क्लिप अर्धवट कापलेली आहे. सोमवारी खुलं निवेदन काढून सगळं जाहीर करतो. उत्कर्षाला शब्द दिला.

सोमवार, ३ डिसेंबर
निवेदन लिहायला घेतलं. पण रेकॉर्डिंगमधलं ते 'धर्म विचारून मारलं' पुन्हा बाहेर आलं तर सहा प्राध्यापक चिडतील. आणि 'दोष नाही' पूर्ण ऐकवलं तर ते चौघे म्हणतील, मी बाईंची बाजू घेतली. योग्य वेळ म्हणजे शनिवारची नियामक मंडळाची बैठक. तिथे मोबाइल टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवायचं. परिणाम विलक्षण होईल. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.
मंदाकिनीला रेकॉर्डिंगचं सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली. "अहो, आज द्या ते. आत्ता." मी वेळेचं महत्त्व समजावून सांगितलं. ती भाजी तशीच टाकून आत गेली. हे तिच्या स्वभावात नाही.

मंगळवार, ४ डिसेंबर
मॅडमच्या धायरीच्या घराच्या जिन्यावर कोणीतरी काळा रंग ओतला. त्यांनीच फोन केला. आवाज नेहमीसारखा. रजा घ्या म्हणालो. म्हणाल्या, "तासिका तत्त्वावर रजा नसते सर. तुम्हीच सही केलीय त्या करारावर."
माझ्या मोबाइलवरही दोनदा कोणीतरी फोन करून गप्प राहिलं. नेटवर्क.
उत्कर्षा जिन्यात भेटली. निवेदन कधी, विचारलं. प्रक्रिया चालू आहे म्हणालो. ती म्हणाली, "सर, मी टाकू का ग्रुपवर?" मी म्हणालो, चौकशी चालू असताना पुरावा फोडणं हा गुन्हा ठरू शकतो. तसा नियम आहे की नाही पाहायला हवं. पण ती थांबली. एवढी आज्ञाधारक मुलगी.

बुधवार, ५ डिसेंबर
ते चौघे पुन्हा आले. आज कोणीच चहा घेतला नाही. बाईंवर कारवाई कधी, एवढंच विचारलं. वातावरण निवळावं म्हणून मी त्यांना पूर्ण विश्वासात घेतलं. सांगितलं, की नियमाप्रमाणे चाललंय, मॅडम शुक्रवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे लेखी खुलासा द्यायला येणार आहेत. पारदर्शकता असली की संशय उरत नाही. तो वेळापत्रकवाला प्रथमच माझ्याशी बोलला. "शुक्रवारी. चार. एकट्याच?"
मी हो म्हणालो.
जाताना त्याने हात जोडून नमस्कार केला. संवादाने माणसं बदलतात.

गुरुवार, ६ डिसेंबर
गेटसमोर सकाळपासून मोटरसायकली. नंबर प्लेटवर चिखल. हडपसरात रस्ते खोदलेत, चिखल सगळीकडेच आहे. वॉचमन म्हणाला, पोलिसांना कळवू का? १० तारखेच्या तोंडावर गेटात पोलीस व्हॅन? नको म्हणालो.
मॅडमना उद्या येऊ नका असं कळवावं का, असा विचार मनात आला. पण मग खुलासा राहील.

शुक्रवार, ७ डिसेंबर. दुपारी ३.५०
विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मुख्य इमारतीचं शटर अर्धं खाली घ्यायला सांगितलंय. खिडकीतून पार्किंग दिसतं. शांत आहे. मोटरसायकली सगळ्या आत आल्यात.
मॅडमची स्कूटर गेटातून आली. वेळेच्या पक्क्या.

शनिवार, ८ डिसेंबर
काल लिहिलं नाही.
पंधरा-वीसजण होते. आधी शाई. मग स्कूटर पाडली. मग त्यांना ढकललं, त्या सिमेंटच्या कठड्यावर पडल्या. डोक्याला नऊ टाके, उजवा हात मोडला. मी खिडकीत होतो. शटर वर घ्यायला सांगणार होतो. चावी कोणाकडे आहे ते आठवेना.
ते थांबले ते उत्कर्षामुळे. ती लायब्ररीच्या मागच्या दाराने धावत गेली, मॅडमच्या अंगावर आडवी पडली आणि ओरडली, "मी बद्रीनाथ वाकोडेची मुलगी आहे! माझ्या बापाच्या नावाने मारताय ना? मग मला मारा आधी!" आणि तिथेच जमिनीवर बसून तिने मोबाइलवर पूर्ण लेक्चर मोठ्या आवाजात लावलं. अकरा मिनिटं कोणी थांबलं नाही. पण मारायलाही कोणी उरलं नाही.
बैठक झाली. रेकॉर्डिंग ऐकवायची गरज पडली नाही, एव्हाना सगळ्यांकडे होतं. तात्यारावांनी विचारलं, तुम्हाला हे आधी माहीत होतं का? मी म्हणालो, सखोल चौकशी चालू होती.

मंगळवार, ११ डिसेंबर
आयटी कंपनीने कँपस पुढे ढकलला. 'अनिश्चित काळासाठी.' सहा प्राध्यापकांनी हल्ल्याच्या निषेधाचं पत्रक काढलं. शब्दरचना चांगली आहे. त्यात मॅडमचं नाव नाही.
पोलिसांनी तिघांना उचललं. वेळापत्रकवाला त्यांच्यात नाही. आज समोरच्या टपरीवर चहा पीत होता. मला पाहून हात केला. मीही केला.

शनिवार, १५ डिसेंबर
तात्यारावांचा फोन. मला कायम करताहेत. म्हणाले, "असा माणूस मिळणार नाही." पेढे आणले. मंदाकिनीने डबा उघडला नाही.
उद्या मॅडमना भेटायला हॉस्पिटलमध्ये जाणार. सगळं मोकळेपणाने सांगायचं. ३० तारखेलाच ऐकलं होतं, वेळ साधायला चुकलो, एवढंच. माणूस चुकतो. त्या समजून घेतील.

रविवार, १६ डिसेंबर
गेलो. मॅडमचा अर्धा चेहरा बँडेजमध्ये. उत्कर्षा शेजारी बसून त्यांच्यासाठी मोसंबं सोलत होती.
मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही आधी ऐकलं होतं का?"
नाही म्हणालो.
उत्कर्षाचा हात थांबला. ती उठली, स्वतःचं स्टूल माझ्यापुढे सरकवलं. "बसा ना सर," म्हणाली, "उभे किती वेळ राहाल."
बसलो नाही. पार्किंगची अडचण आहे म्हणून निघालो. रिक्षाने गेलो होतो.