न पाहिलेला महाल

कॅरी, अमेरिका, रविवार संध्याकाळ

शाळेच्या बोर्डिंगमध्ये रविवारी केस वाळवताना मालती आणि मी सिस्टरच्या कॅलेंडरवरचा तो महाल बघत बसायचो. मलायातल्या सुलतानाचा, क्वाला कांगसारचा. सगळा लाकडी, भिंती विणलेल्या बांबूच्या आणि एकही खिळा नाही. "म्हाताऱ्या झालो की दोघी जाऊ," ती म्हणायची. गेल्या वर्षी वारली.

म्हणून मागच्या महिन्यात नवऱ्याला, श्रीधरना, घेऊन मराठी टूरबरोबर गेले. सोनेरी घुमटाच्या मशिदीत आम्हा बायकांना अंगभर झगे दिले. डोकं झाकलं आणि चॅपलमध्ये रुमाल बांधून शेजारी बसणारी मालती आठवली. मग महाल. बस फाटकाशी थांबली, मी उठले, तर माझा नवराच म्हणाला, "अगं, इथूनच दिसतोय की. वरणभात गार होईल." मागून कोणीतरी, "काकू, यूट्यूबवर बघा." सगळे हसले. मीही. का हसले मी? उतरले का नाही?

आज पाहुण्यांना टीव्हीवर फोटो दाखवताना श्रीधर म्हणाले, "पॅलेसपण केला." बसच्या काचेतून काढलेला फोटो. एकही खिळा नाही, हे मी सांगायला लागले तोवर त्यांनी पुढचा लावला, जेवणाचा.

माझ्या पश्चात, तिथे घेतलेली जरीची ओढणी फ्रिस्कोला राहणाऱ्या मालतीच्या लेकीला, इराला द्यावी. फोटो आणि टूरची टोपी श्रीधरना राहू देत. इराला एवढं सांगावं, आईचा महाल मावशीने पाहिलेला नाही. तिने जावं. एकटीने जावं.